न्यायमूर्ती कॉन्स्टन्स बेकर मोटली : जीवन व कार्य

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा विषय निघाला की आपल्यासमोर मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव येते. ते योग्यच आहे. परंतु रस्त्यावरील मोर्चाने मागितलेला हक्क न्यायालयात कायद्याने पदरात पाडून घ्यावा लागतो. हे काम ज्यांनी केले त्यांत कॉन्स्टन्स बेकर मोटली यांचे स्थान फार वरचे आहे. अमेरिकेच्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला फेडरल न्यायाधीश होत. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे, कायद्याचे पदवीधर नव्हे. तरीही हे चरित्र आपणा सर्वांच्या अभ्यासाचे आहे असे आम्हांस वाटते.

प्रथम ‘फेडरल न्यायाधीश’ म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची न्यायालये असतात. त्याशिवाय केंद्राची वेगळी न्यायालये आहेत, त्यांना फेडरल न्यायालये म्हणतात. जिल्हा न्यायालय, अपील न्यायालय व सर्वोच्च न्यायालय अशा त्यांच्या तीन पायऱ्या आहेत. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात व सिनेट त्यास मंजुरी देते. आपल्याकडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ व्या व सर्वोच्च न्यायालयाचे ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. तेथे वयाची अशी अट नाही. वर्तन चांगले असेपर्यंत पद कायम राहते. सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर न्यायाधीशाची भाकरी अवलंबून राहू नये, हा त्यामागील हेतू होय.

कॉन्स्टन्स यांचा जन्म १४ सप्टेंबर १९२१ रोजी न्यू हेवन येथे झाला. बारा भावंडांत त्या नवव्या. आईवडील वेस्ट इंडीजमधील नेव्हिस बेटावरून आलेले. वडील येल विद्यापीठातील विद्यार्थी मंडळांकडे स्वयंपाकी होते. मुलगी हुशार, वकील होण्याची जिद्द बाळगणारी. परंतु कॉलेजसाठी घरी पैसा नव्हता. अशातच गावातील एका समाजकेंद्रात तिने भाषण केले. केंद्र कृष्णवर्णीयांसाठी, पण त्याच्या कारभारात कृष्णवर्णीयांनाच स्थान नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. त्या केंद्राला मदत करणारे गोरे उद्योगपती क्लॅरेन्स ब्लेकस्ली श्रोत्यांत होते. त्यांना राग आला नाही. उलट त्यांनी तिच्या पुढील शिक्षणाचा खर्च उचलला. खरे बोलणारी मुलगी आणि ते ऐकून घेणारा दाता, दोघांचाही गुण येथे लक्षात घ्यावा.

न्यूयॉर्क विद्यापीठातून १९४३ मध्ये पदवी घेऊन त्या कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकल्या व १९४६ मध्ये उत्तीर्ण झाल्या. हेच ते कोलंबिया, जेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१३ ते १९१६ या काळात अध्ययन केले होते. शिक्षण चालू असतानाच १९४५ मध्ये त्या थर्गूड मार्शल यांच्या हाताखाली एन.ए.ए.सी.पी. या संघटनेच्या कायदेविषयक निधीत कामास लागल्या. ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या खटल्याच्या मूळ तक्रारअर्जाचा मसुदा त्यांनी लिहिला. १७ मे १९५४ रोजी याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला.

निकाल लागला म्हणून दारे आपोआप उघडली नाहीत. एकेका विद्यापीठासाठी वेगळे झगडावे लागले. मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरिडिथ यांना प्रवेश मिळावा म्हणून मोटली बाईंनी वारंवार दक्षिणेत खेपा घातल्या. तेथे कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे, त्यामुळे लोकांच्या घरी उतरावे लागे. १९६२ मध्ये प्रवेश मिळाला तेव्हा दंगल उसळली व दोन माणसे दगावली. पण १९६३ मध्ये मेरिडिथ पदवीधर झाले. सर्वोच्च न्यायालयात बाईंनी एकूण दहा खटले चालवले व त्यांपैकी नऊ जिंकले.

२६ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्हा न्यायालयासाठी त्यांचे नाव सुचवले. सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते जेम्स ईस्टलँड, त्याच मिसिसिपी राज्याचे! त्यांनी बाईंवर कम्युनिस्ट असल्याचा आरोप केला व मंजुरी सात महिने रोखून धरली. अखेर ३० ऑगस्ट १९६६ रोजी मंजुरी मिळाली.

आता या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग. १९७५ मध्ये एका मोठ्या वकिली फर्मविरुद्ध स्त्रियांना डावलल्याचा दावा त्यांच्यापुढे आला. प्रतिवादींनी विनंती केली की, आपण स्वतः स्त्री आहात, भेदभावाविरुद्ध लढलेल्या आहात, तेव्हा या दाव्यातून दूर व्हावे. बाईंनी ती फेटाळली. त्यांचा मुद्दा साधा होता : प्रत्येक न्यायाधीशाला काही ना काही वर्ण, लिंग व पूर्वायुष्य असतेच, तेवढ्याने तो अपात्र ठरत असेल तर या न्यायालयातील कोणीच हा दावा ऐकू शकणार नाही. वंचितांतून वर आलेल्या माणसाकडेच पक्षपाताचा संशय वळतो, इतरांना मात्र तो प्रश्न कोणी विचारत नाही. ही विसंगती त्यांनी नेमकी पकडली. आपल्यापैकी जे उद्या अधिकाराच्या खुर्चीवर बसतील, त्यांनी हे उत्तर पाठ करून ठेवावे.

त्यांचे सर्वच निर्णय टिकले असे नाही. वर्षाहून अधिक काळ एकांत कोठडीत ठेवलेल्या एका कैद्याच्या बाजूने त्यांनी १९७० मध्ये दिलेला निकाल वरिष्ठ न्यायालयाने काही अंशी बदलला. १९७८ मध्ये बेसबॉलच्या खेळाडूंच्या खोलीत वार्तांकनासाठी महिला वार्ताहरांना पुरुष वार्ताहरांप्रमाणेच प्रवेश मिळाला पाहिजे, असा निकाल त्यांनी दिला. १९८२ ते १९८६ या काळात त्या आपल्या न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश होत्या. त्यानंतर ज्येष्ठ न्यायाधीश या नात्याने त्यांनी काम चालू ठेवले. २८ सप्टेंबर २००५ रोजी त्यांचे निधन झाले.

२०२२ मध्ये केतनजी ब्राऊन जॅक्सन या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावरील पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश झाल्या. नाव जाहीर झाले त्या दिवशी त्यांनी मोटली बाईंचे ऋण मान्य केले. दोघींची जन्मतारीखही एकच. एकाने पायवाट पाडली की मागच्याला ती रस्ता म्हणून मिळते. आपल्या मुलामुलींनी कायद्याच्या शिक्षणाकडे वळावे, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी अशा एखाद्या तरी विद्यार्थ्याची फी भरावी, एवढीच आमची विनंती आहे.