वासरांचे संगोपन आणि कळपातील वर्तन

पहिलारू गाय जेव्हा दुभत्या गाईंच्या कळपात प्रथम आणली जाते, तेव्हा गव्हाणीपाशी काय घडते हे थोडा वेळ उभे राहून पाहण्यासारखे असते. जुन्या गाई वैरणीत तोंड घालून ओळीने उभ्या असतात. नवी गाय दोघींच्या मधल्या फटीतून आत शिरू पाहते, शेजारणीने नुसती मान वळवताच बिचकून मागे सरते आणि दुसरीकडे जाते. तिथेही तोच प्रकार होतो. काही गाई दोनचार दिवसांत आपली जागा मिळवतात. काही मात्र बाकीच्या रवंथ करीत बसल्यावरच उरलेसुरले खाण्यास पुढे येतात. ही गाय मुळातच भित्री, असे गवळी म्हणतो. त्यातील ‘मुळातच’ हा शब्द तपासून पाहण्याजोगा आहे. त्या गाईचे पहिले दोन महिने कोठे व कसे गेले, हे त्याला विचारले तर उत्तराचा काही भाग तेथे सापडण्याचा संभव असतो.

कळपात मानपान असतो, हे आता सर्वमान्य झाले आहे. नॉर्वेच्या श्येल्डरुप-एबे या अभ्यासकाने १९२० नंतरच्या काळात कोंबड्यांमधील टोचण्याचा क्रम वर्णन केला. पुढे तसाच क्रम गुराढोरांतही आढळला. परंतु हा क्रम झुंजींवर टिकून असतो अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. झुंजी बहुधा नवी ओळख होताना होतात. एरवी डोके किंचित खाली करणे, तोंड फिरवणे, एक पाऊल बाजूला सरणे, एवढ्यावर सगळे भागते. वरचढ गाईचा इशारा वेळीच ओळखून बाजूला होणारी गाय मारही खात नाही आणि फार वेळ उपाशीही राहत नाही. म्हणजे माघार कशी घ्यावी हेदेखील एक ज्ञान आहे, आणि ते जन्मतः पुरतेपणी मिळत नाही.

निसर्गात हे शिक्षण कसे होते, याची कल्पना माणसाचा हात कमी लागलेल्या कळपांवरून येते. इंग्लंडच्या उत्तरेस चिलिंगहॅम येथे पांढऱ्या गुरांचा एक कळप शतकानुशतके जवळजवळ रानटी अवस्थेत राहत आला आहे. तेथील गाय विण्यासाठी कळपापासून दूर जाते आणि वासराला काही दिवस गवताच्या आडोशाला दडवून ठेवते. मग ती त्याला कळपात आणते. त्यानंतर वासराचा पुष्कळसा वेळ बरोबरीच्या वासरांत जातो. ती धावतात, उधळतात, एकमेकांना ढुशा देतात. ढुशी किती जोराची झाली म्हणजे समोरचा खेळ सोडतो, हे त्या वयातच कळून येते. केन्यामध्ये वशिंडाच्या गुरांच्या एका कळपाचा दीर्घकाळ अभ्यास करून व्हिक्टर व ॲनी राइनहार्ट यांनी १९८१ मध्ये असे दाखवून दिले की, माणूस मध्ये पडला नाही तर गाय साधारणतः आठ ते अकरा महिन्यांनी वासराचे दूध तोडते, आणि त्यानंतरही मायलेकींची सोबत सुटत नाही.

आधुनिक दुग्धशाळेत यातले फारसे काही उरलेले नाही. तेथे वासरू काही तासांत, फार तर एकदोन दिवसांत, आईपासून वेगळे केले जाते आणि पुष्कळ ठिकाणी पहिले कित्येक आठवडे एकट्याच्या कप्प्यात वाढते. यामागे केवळ लोभ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगप्रतिकारक द्रव्ये जवळजवळ नसतात. ती त्याला चिकातून मिळतात, आणि तीही पहिल्या दिवसातच नीट शोषली जातात. पहिल्या काही आठवड्यांत हगवण आणि फुप्फुसाचा दाह हे वासरांचे मोठे शत्रू होत. वासरू एकटे ठेवले तर रोग शेजाऱ्याला चटकन लागत नाही, कोणी किती दूध प्यायले ते कळते आणि वासरे एकमेकांची बेंबी वा कास चोखत नाहीत. ज्याने एका पावसाळ्यात पाचसहा वासरे हगवणीने गमावली आहेत, त्याला ही कारणे पटवून द्यावी लागत नाहीत.

आपल्याकडील गीर, साहिवाल यांसारख्या जातींच्या बाबतीत गोष्ट थोडी निराळी आहे. वासरू ढुसण्या देत कासेला लागल्याखेरीज यांतील पुष्कळ गाई पान्हा सोडत नाहीत. त्यामुळे धार काढण्यापूर्वी वासरू सोडण्याची चाल चालत आली आणि वासरू निदान दोन वेळा तरी आईपाशी पोहोचले. (ते पुरेसे दूध पिऊन परतले असे मात्र समजू नये, गोऱ्ह्याच्या वाट्याला तर बहुधा कमीच येते.) संकरित गाईंच्या मोठ्या गोठ्यांतून जन्मतःच वासरू तोडण्याची पद्धत आली, तेव्हा हा संबंधही संपला.

एकटेपणाचे मोल प्रयोगांनी हळूहळू उघड केले. इंग्लंडमध्ये ब्रूम आणि लीव्हर यांनी काही वासरे गटात, तर काही अंशतः एकांतात वाढवली आणि मग ती एकत्र आणली. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार एकांतात वाढलेली वासरे इतरांशी कमी मिसळत आणि चढाओढीत गटातल्या वासरांपुढे हार खात. त्याच सुमारास फ्रान्समध्ये मारी-फ्रान्स बुइसू व आंद्रिय यांना असे आढळले की अगदी लहानपणापासून एकत्र वाढलेल्या कालवडी पुढेही एकमेकींच्या निकट राहतात आणि खाण्याच्या जागी एकमेकींना अधिक सहन करतात.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे प्रयोग व्यवहाराच्या दृष्टीने अधिक बोलके आहेत. तेथे काही वासरे एकेकटी आणि काही जोडीने ठेवली होती. दूध तोडताना जोडीतली वासरे कमी हंबरली. पुढे सर्वांना नव्या गटात सोडल्यावर जोडीतल्या वासरांनी सरासरी नऊदहा तासांत खाण्यास सुरुवात केली. एकट्या वाढलेल्यांना त्यासाठी जवळजवळ दोन दिवस लागले. हे निष्कर्ष २०१० चे आहेत. त्याच विद्यापीठात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात वासरांना दोन रंगांपैकी एक रंग निवडल्यास दूध मिळे. हा धडा दोन्ही प्रकारची वासरे सारख्याच सहजतेने शिकली. मग नियम उलटा करण्यात आला: ज्या रंगाला दूध मिळत होते त्याला ते मिळेनासे झाले. जोडीतली वासरे नव्या नियमाला सरावली. एकटी वाढलेली पुष्कळशी जुन्याच रंगाकडे जात राहिली. त्यांची शिकण्याची शक्ती शाबूत होती. शिकलेले बदलण्यात ती मागे पडत होती. कळपात मात्र पदोपदी तेच करावे लागते, कारण आजची शेजारीण उद्या दुसरी असते.

जर्मनीत काट्रिन वाग्नर व तिच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये नोंदवलेली एक गोष्ट मला या सर्वांहून अर्थपूर्ण वाटते. पहिले बारा आठवडे आईच्या सान्निध्यात काढलेल्या कालवडी पुढे दुभत्या कळपात आल्या, तेव्हा मोठ्या गाईंपुढे नमते घेण्याची लक्षणे त्यांच्यात अधिक दिसली. वरवर पाहता हा दुबळेपणा वाटेल. परंतु आपण वर पाहिलेच आहे की, वेळीच नमते घेता येणे हीच कळपातली शहाणीव होय.

या निष्कर्षांचा अतिरेकही करू नये. एकटे वाढलेले वासरू जन्माचे अपंग होत नाही. गटात गेल्यावर तेही पुष्कळसे शिकते आणि काही फरक काळाबरोबर पुसट होतात. जातीचाही प्रभाव असतो. पुढील दूध-उत्पादनावरच्या परिणामाबद्दल संशोधकांत एकवाक्यता नाही. युरोपीय संघाने मात्र एवढ्या पुराव्यावर आठ आठवड्यांनंतर वासरू एकटे कोंडण्यास बंदी घातली, आणि २००६ च्या अखेरीपासून ती जुन्या-नव्या सर्व गोठ्यांना लागू झाली. लहान गोठे तेवढे तिच्यातून वगळले आहेत. पण वर सांगितलेल्या प्रयोगांतील बरेचसे घडते ते त्या आठ आठवड्यांच्या आत.

गोठ्याच्या मालकाने रोगाचे भय सोडावे असे येथे सुचवायचे नाही. जन्मल्याबरोबर पोटभर चीक, कोरडे अंथरूण आणि सारख्या वयाची दोनच वासरे एकत्र, एवढ्याने धोका बराच आटोक्यात राहतो. एकमेकांना चोखण्याची खोड पुष्कळदा अपुऱ्या दुधामुळे लागते. दूध संपल्यावरही चोखण्याची ओढ सुमारे दहा मिनिटे टिकते. तेवढा वेळ रबरी सड तोंडाशी राहू दिला तर शेजाऱ्याची बेंबी वाचते. आणि वासरे मोठ्या कप्प्यात हलवताना जोडी फोडू नये. अनोळखी गव्हाणीपाशी एक जरी ओळखीची सोबतीण उभी असली, तरी दुसरी कालवड लवकर तोंड घालते.