टॉवर ५जी झाला, म्हणून जुना मोडेम भंगारात काढायचा का?



दुकानाच्या नेटवर महिन्याला किती खर्च होतो, याचा हिशेब आपण व्हिडिओत मांडला. हा लेख त्याच्या जोडीचा. व्हिडिओत आकडे भराभर निघून जातात, म्हणून इथे नीट लिहून ठेवतो. मोडेम घ्यायला दुकानात जाल तेव्हा मोबाइलवर उघडून समोर ठेवा.

आजचा प्रश्न असा. केजला तुमचं सेवा केंद्र आहे, गेवराईत किराणा आहे, किंवा पाटोद्याकडे दूध संकलन केंद्र आहे. मोबाइलवर ५जीची खूण दिसायला लागली. आणि कुणीतरी सांगतं, "तुमचं डोंगल आता बाद झालं, नवीन घ्या." नवीन म्हणजे काही हजारांचा मामला. घ्यायचं का?

थोडक्यात उत्तर: नवीन नेटवर्क आल्यामुळे मोडेम बाद होत नाही. तुमचा मोडेम ज्या नेटवर्कवर चालतो ते बंद झालं, तरच तो बाद होतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की पैसे जातात.

आजवर मोडेम बाद कसे झाले?

जुनं काही बघू, म्हणजे पुढचा अंदाज येतो.

पहिला प्रकार सीडीएमए डोंगलचा. टाटा फोटॉन, रिलायन्स नेटकनेक्ट आठवतात? दहा-बारा वर्षांपूर्वी झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरला हीच डोंगल लटकलेली असायची. त्यांचं तंत्रच वेगळं होतं. ते नेटवर्क बंद झालं आणि डोंगल चांगलं असूनही कामातून गेलं. दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून ते चालवायची सोय नव्हती.

दुसरा प्रकार ३जी डोंगलचा. एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून ३जी बंद करायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षभरात देशभर ते गुंडाळलं. ३जीची लहर ४जीला दिली. २जी मात्र चालू ठेवलं. त्यामुळे लोकांची डोंगल बंद पडली नाहीत, तर २जीवर घसरली. हुआवेच्या बऱ्याच जुन्या डोंगलवर निळा दिवा म्हणजे ३जी आणि हिरवा म्हणजे २जी. दिवा हिरवा झाला की नेट "चालू" दिसतं, पण पान उघडत नाही. अनेकांना वाटलं डोंगल बिघडलं. बिघडलेलं काही नव्हतं, खालची जमीन सरकली होती.

तिसरा प्रकार जास्त फसवा. मोडेम ४जी, नेटवर्कही ४जी, तरी जमत नाही. एअरटेलने २०१२ मध्ये देशातलं पहिलं ४जी आणलं ते २३०० मेगाहर्ट्झच्या लहरीवर. पुढे ४जी १८०० वर आलं, ९०० वर आलं. आता फक्त २३०० समजणारं यंत्र घेऊन तुम्ही अशा गावात बसलात, जिथल्या टॉवरवर १८०० आणि ९०० एवढंच आहे, तर ते यंत्र तिथे मुकं. म्हणजे "४जी आहे" एवढं कळून भागत नाही, कोणत्या लहरीवरचं ४जी हेही बघावं लागतं. या लहरीलाच बँड म्हणतात.

५जी आल्यावर ४जी मोडेमचं काय होतं?

भारतात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. त्यानंतरही ४जी मोडेम चालू आहेत. ते का चालतात, हे समजून घ्या.

एअरटेलने ५जी उभं केलं ते ४जीच्या आधाराने. फोन आधी ४जीला जोडला जातो आणि मग ५जीची भर पडते. पाया काढून वरचा मजला ठेवता येत नाही. जिओचं ५जी स्वतंत्र उभं आहे, पण त्यांचे ४जी फोन वापरणारे ग्राहकही मोठ्या संख्येने आहेत. दोघांपैकी कुणीही ४जी बंद करायची तारीख दिलेली नाही.

यात तुमचा फायदाही होऊ शकतो. ५जी फोनवाले ५जीवर गेले की ४जीवरची गर्दी कमी होते. आठवडी बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडजवळ नेट कसं अडकतं, ते तुम्हाला माहीत आहे. त्यातले काही लोक दुसऱ्या रस्त्याने गेले, तर जुना रस्ता मोकळा होतो.

दुसरी बाजूही सांगतो. कंपन्या जशी ३जीची लहर ४जीला देत गेल्या, तशी पुढे ४जीची काही लहर ५जीला देतील. तेव्हा ४जी राहील, पण अरुंद होईल. आजचा मोडेम कायमचा नाही. पण तो आजच टाकून द्यायची गरज नाही.

तुमचा मोडेम तपासायच्या तीन पायऱ्या

१. पिढी बघा. मोडेमच्या मागे किंवा खोक्यावर मॉडेल नंबर असतो, तो नेटवर शोधा. फक्त ३जी असेल तर विषय संपला, तो बदला. ४जी असेल तर पुढे वाचा.

२. बँड बघा. मॉडेलच्या माहितीत बँडची यादी असते. आपल्याकडे कामाची ती अशी:

- जिओ ४जी: बँड ३ (१८००), बँड ५ (८५०), बँड ४० (२३००)
- एअरटेल ४जी: बँड १ (२१००), बँड ३ (१८००), बँड ८ (९००), बँड ४० (२३००)
- बीएसएनएल ४जी: बँड २८ (७००), बँड १ (२१००)

बीएसएनएलकडे जरा लक्ष द्या. त्यांचं देशी बनावटीचं ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झालं. बालाघाटच्या डोंगरातल्या काही गावांत त्यांचाच टॉवर जवळचा असतो. पण जुन्या ४जी मोडेममध्ये बँड २८ बऱ्याचदा नसतो. उदाहरणार्थ जिओफाय. तो बँड ३, ५ आणि ४० वरच चालतो. शिवाय बीएसएनएलचं जुनं ३जीचं सिम ४जीला चालत नाही, ते बदलून घ्यावं लागतं. तेव्हा "बीएसएनएलचं नेट येत नाही" म्हणण्याआधी सिम आणि बँड दोन्ही तपासा.

आकडा जितका लहान, तितकी लहर लांब जाते आणि भिंतीतून आत येते. ७००, ८५०, ९०० या खेड्यापाड्याच्या लहरी. २३०० आणि त्यावरच्या लहरी वेगवान, पण टॉवरजवळच चांगल्या.

३. लॉक बघा. जिओफायमध्ये जिओचंच सिम चालतं. कंपनीच्या नावाने विकलेली जुनी डोंगलही बऱ्याचदा अशीच बांधलेली असतात. कंपनी बदलायचा विचार असेल तर हे आधी बघा.

तिन्ही पायऱ्यांत मोडेम पास झाला, तर तो बाद नाही. नेट हळू असेल तर दुखणं दुसरीकडे आहे.

खरी गरज किती? हिशेब करू

समजा तुमचं सेवा केंद्र आहे. दिवसाला ६० अर्ज भरता. प्रत्येक अर्जाबरोबर सातबारा, आधार, पासबुक मिळून २ एमबीची कागदपत्रं अपलोड होतात. २ एमबी म्हणजे १६ मेगाबिट.

- अपलोड वेग ०.२ एमबीपीएस: एका अर्जाला ८० सेकंद, दिवसाला ८० मिनिटं
- अपलोड वेग २ एमबीपीएस: एका अर्जाला ८ सेकंद, दिवसाला ८ मिनिटं
- अपलोड वेग ५० एमबीपीएस: एका अर्जाला सेकंदाचा तिसरा हिस्सा, दिवसाला २० सेकंदांच्या आसपास

नीट बघा. ०.२ वरून २ वर गेलात तर दिवसाचे ७२ मिनिटं वाचतात. २ वरून ५० वर गेलात तर आठ मिनिटंसुद्धा वाचत नाहीत. पहिली उडी धंद्याची आहे, दुसरी हौसेची. आणि पहिली उडी साध्या ४जी मोडेमवर होते, फक्त सिग्नल बरा पाहिजे.

जुलैअखेर पीकविम्याची मुदत संपत आली आणि दारात शेतकऱ्यांची रांग लागली, की हे ७२ मिनिटं किती मोलाचे असतात ते तुम्हाला सांगायला नको. पण त्या दिवशी आणखी एक तपासा. पोर्टल उघडत नाही, पण दुसरी कुठलीही वेबसाइट पटकन उघडते? मग अडचण तिकडच्या सर्व्हरची आहे. तुम्ही कितीही महाग मोडेम आणा, ती सुटणार नाही.

नवीन घेण्याआधी बिनखर्चाचे उपाय

मोडेमचं स्वतःचं पान उघडा. हुआवेच्या बऱ्याच मोडेमचा पत्ता १९२.१६८.८.१ असतो, जिओफायचा १९२.१६८.२२५.१. पत्ता टाकताना आकडे इंग्रजीतून टाका. तिथे सिग्नलचा उणे आकडा दिसतो. उणे ९० किंवा त्याहून बरा, म्हणजे उणे ८०-८५, असेल तर उत्तम. उणे १०५ पर्यंत काम चालतं. उणे ११० च्या खाली गेलं की रडगाणं सुरू.

आकडा वाईट असेल तर आधी जागा बदला. पत्र्याच्या शेडमध्ये, लोखंडी कपाटामागे, कॉम्प्युटरच्या पाठीला मोडेम ठेवू नका. पत्रा सिग्नल अडवतो. डोंगल असेल तर दोन-तीन मीटरची यूएसबी वायर घ्या आणि डोंगल टॉवरच्या दिशेच्या खिडकीत उंचावर बांधा. वायरचा खर्च किरकोळ आहे, फरक मात्र लगेच आकड्यात दिसतो. राउटरला बाहेरचा अँटेना जोडायची जागा असेल तर तोही पर्याय आहे.

लाइट गेल्यावर नेट जातं, ही मोडेमची चूक नाही. राउटरसाठी छोटा मिनी यूपीएस मिळतो, तो लावा.

मग ५जी कुणी घ्यावं?

लग्नाचे व्हिडिओ पाठवणारा फोटो स्टुडिओ, एकाच नेटवर आठ-दहा कॉम्प्युटर चालवणारा क्लास, दिवसभर मोठ्या फाइल चढवणारं छपाईचं दुकान: यांना ५जीचा उपयोग आहे. पण आधी आपल्या ५जी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून आठ दिवस काम करून बघा. सकाळी ११, दुपारी ३, रात्री ८, तिन्ही वेळा वेग लिहून ठेवा. दुकानाच्या आत ५जी टिकत नसेल तर राउटर घेऊन उपयोग नाही. आणि गल्लीत फायबर आलं असेल तर आधी त्याची चौकशी करा. एका जागी बसून करायच्या धंद्याला फायबर बहुतेक वेळा परवडतं.

किराणा आणि दूध संकलनाला ५जी लागत नाही. त्यांनी पैसे आल्याचं सांगणाऱ्या साउंडबॉक्सकडे बघावं. जुने काही साउंडबॉक्स २जीवर चालतात. जिओचं २जी नाहीच, त्यामुळे त्यात जिओचं सिम चालणार नाही. पैसे आल्याचा आवाज उशिरा येत असेल तर कंपनीकडून ४जीचा बॉक्स मागून घ्या.

खरेदी करताना फसू नका

- "५जी वायफाय" म्हणजे ५जी मोबाइल नेट नाही. खोक्यावरचा तो ५ म्हणजे वायफायची ५ गिगाहर्ट्झ लहर. आत मोडेम ४जीचाच असतो, कधी कधी सिमची जागासुद्धा नसते. विचारायचा प्रश्न एकच: "यात ५जीचं सिम चालतं का आणि ५जीचे बँड कोणते?"
- "३०० एमबीपीएस" हा आकडा बऱ्याचदा वायफायचा असतो. आत कॅटेगरी ४ चा मोडेम असेल तर ४जीचा वेग कागदोपत्री १५० च्या वर जात नाही. गावात प्रत्यक्षात त्याहून बराच कमी मिळतो.
- जिओसाठी ५जी राउटर घेताना "एसए" चालतं का, ते विचारा. जिओचं ५जी स्वतंत्र पद्धतीचं आहे, त्याला एसए म्हणतात. फक्त एनएसए समजणाऱ्या यंत्राला ते मिळत नाही. बँडमध्ये एन७८ आणि एन२८ दोन्ही हवेत. एन२८ म्हणजे ७०० ची लांब जाणारी लहर.
- मोबाइलचा अनलिमिटेड ५जी प्लॅन राउटरमध्ये तसाच लागू होईल, असं धरून चालू नका. सिम टाकण्याआधी कंपनीच्या दुकानात विचारा.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीचं एक पान घ्या आणि पाच ओळी लिहा: मोडेमचं मॉडेल. तो कोणत्या बँडवर चालतो. आत्ताच्या जागेवरचा सिग्नलचा आकडा. खिडकीत ठेवल्यावरचा आकडा. दिवसातून तीन वेळा मोजलेला अपलोड वेग.

अपलोड कायम २ एमबीपीएसच्या वर असेल तर मोडेम आहे तसा ठेवा आणि वाचलेले पैसे दुकानात माल भरायला वापरा. जागा बदलूनही वेग त्याखाली राहत असेल, तर आधी दुसऱ्या कंपनीचं सिम लावून बघा. तेही जमलं नाही तरच नवीन यंत्राचा विचार करा, आणि दुकानात जाताना हे पान सोबत न्या. दुकानदार "एकदम लेटेस्ट आहे" म्हणाला, की वहीतल्या बँडच्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, "यात हे बँड आहेत का?"

पुढच्या धड्यात बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा हिशेब: कोणत्या दुकानाला ते लागतं आणि कुठे वहीच बरी.