हयातीचा दाखला

चि. सानिका,


पीएचडीसाठी निवृत्तिवेतनाचा विषय घेतलास, हे तुझ्या बाबाकडून कळलं. ‘पंचविशीत कसला म्हातारपणाचा अभ्यास!’ म्हणून कुरकुरत होता. मनावर घेऊ नकोस. दोन वर्षांनी अठ्ठावन्नचा झाला की ईपीएसचं, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेचं, सूत्र विचारायला तुझ्याकडेच येईल.

सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. पगाराची 15,000 ची मर्यादा आणि 35 वर्षं धरली तर महिना 7,500. किमान पेन्शन 2014 साली 1,000 झाली. दहा वर्षं उलटली तरी हजाराचे हजारच. औषधवाल्याकडचे भाव मात्र थांबले नाहीत.

माझी एक चूक सांगते. संशोधनाच्या सुरुवातीला मी पेन्शनरांची एक यादी घेऊन, निवृत्तीनंतर माणसं किती वर्षं जगतात याचं गणित मांडलं होतं. ज्याची पेन्शन थांबली तो वारला, असं धरलं. गणित सुबक आलं, कौतुकही झालं. मग एका नोव्हेंबरात तुझ्या आजीबरोबर बँकेच्या रांगेत उभी होते. पुढचे आजोबा खिडकीशी भांडत होते. मांडीचं हाड मोडून अंथरुणावर पडले, हयातीचा दाखला द्यायला येता आलं नाही, पेन्शन बंद! माझ्या तक्त्यात असा माणूस मयत होता.

यादीतली घरं शोधत फिरले. काही दारं खुद्द ‘मयतां’नीच उघडली. आयुष्य कमी दिसलं की पेन्शनचा खर्चही कमी दिसतो, म्हणजे माझी चूक तक्त्यापुरती नव्हती.

2014 च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ आलं, बोटाच्या ठशावर दाखला मिळू लागला. पण जन्मभर राबलेल्या बोटांवर ठसा उरतोच असं नाही. आता चेहऱ्यावरूनही ओळख पटवतात. त्याला स्मार्टफोन हवा आणि तो धरणारा नातूही.

मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या ‘लासी’ या वार्धक्याच्या पाहणीची माहिती तू वापरणारच. 2017-18 मधली ही पाहणी 45 वर्षं व त्यापुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार अशा 72,000 हून अधिक जणांची आहे. संगणकाला हात लावण्याआधी तिची प्रश्नावली आजीला वाचून दाखव. ‘काम कधी थांबवलंत?’ या प्रश्नावर तांदूळ निवडता निवडता ती काय म्हणते, ते लिहून ठेव.

यंदा नोव्हेंबरात मलाही दाखला द्यायचा आहे. पहिल्या आठवड्यात ये, बँकेत बरोबर जाऊ. वही आण, डबा मी घेते.

तुझी,
आत्या