तंबूतील ऊब आणि जीवघेणी झोप

जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटन या उत्तरेकडील देशांत नोव्हेंबर ते मार्च हे महिने थंड, ओलसर आणि अंधारे असतात. तेथील अनेक सेवानिवृत्त जोडपी या दिवसांत घराला कुलूप लावतात आणि कारव्हॅन, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, घेऊन दक्षिणेची वाट धरतात. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील पेनिस्कोला हे अशा पाहुण्यांचे एक आवडते गाव. समुद्रात शिरलेल्या खडकावर जुना किल्ला, त्याच्या अंगाखांद्यावर पांढरी घरे, मासेमारीच्या बोटी आणि आसपास तंबू व कारव्हॅनसाठी आखलेल्या जागा. उन्हाळ्यात गजबजणारे हे गाव हिवाळ्यात शांत होते. दोन-तीन महिन्यांच्या मुक्कामाला ते सोयीचे पडते.

ऊन, समुद्रकाठचे फिरणे आणि सोबत या तिन्ही गोष्टी उतारवयात प्रकृतीला मानवतात. मात्र दिवसा १५-१६ अंश असलेले तापमान रात्री ७-८ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरते. समुद्रावरचा दमट वारा अंगाला झोंबतो. मग दारे-खिडक्या घट्ट लावून ऊब धरण्याची खटपट सुरू होते. कोणी गॅसची शेगडी पेटती ठेवतो, कोणी संध्याकाळी मासे भाजलेली कोळशाची शेगडी कनातीच्या आत ओढून घेतो. धोका येथेच आहे.

रक्तात काय घडते?

गॅस, कोळसा, लाकूड किंवा रॉकेल जळताना हवा कमी पडली, तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांची जळजळही नाही. कोळशाच्या बाबतीत विशेष सावध राहावे. ज्वाळा विझून नुसते निखारे उरले, तरी ते हा वायू सोडतच राहतात.

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू कमी पडू लागतो. झोपलेल्या माणसाला याचा पत्ता लागत नाही. झोपेचे रूपांतर बेशुद्धीत होते आणि काही वेळा मृत्यूत. हृदयविकार असणाऱ्यांना, वृद्धांना, लहान मुलांना आणि गर्भवती स्त्रीच्या पोटातील बाळाला हा धोका अधिक असतो.

लक्षणे कशी ओळखावीत?

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, थकवा, धाप लागणे, बोलण्यात गोंधळ ही मुख्य लक्षणे. फ्लू किंवा अपचन समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. म्हणून पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात. ताप नसतो. एकाच जागी राहणाऱ्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास होतो. मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटते आणि आत परतल्यावर पुन्हा डोके दुखू लागते.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आता घरोघरी आहे. पण या विषबाधेत त्याच्यावर विसंबू नये. साधा ऑक्सिमीटर हा वायू चिकटलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखू शकत नाही आणि आकडा चांगला दाखवतो. खरे निदान रुग्णालयातील विशिष्ट रक्त तपासणीने होते.

तातडीचे उपाय

१. रुग्णाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे. आत जाणाऱ्याने आधी दारे-खिडक्या सताड उघडाव्यात. नाहीतर तोही आतच कोसळायचा.

२. शक्य असल्यास शेगडी किंवा गॅस बंद करावा.

३. रुग्णवाहिका बोलवावी. स्पेनमध्ये ११२, महाराष्ट्रात १०८.

४. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, चहा काही घालू नये. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देण्याचा प्रथमोपचार सुरू करावा.

साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यास तेच काम तास-दीड तासात होते. म्हणूनच बरे वाटले तरी रुग्णालयात जावे. काही रुग्णांत विस्मरण, स्वभावातील बदल अशा तक्रारी कित्येक दिवसांनी उद्भवतात. त्या दिसल्यास पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.

टाळावे कसे?

तंबूत, कनातीत वा कारव्हॅनमध्ये कोळशाची शेगडी कधीही नेऊ नये, विझत आलेलीही नाही. स्वयंपाकाच्या गॅसवर खोली तापवू नये. कारव्हॅनचा हीटर धूर बाहेर सोडणारा असावा आणि त्याची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. हवेसाठी ठेवलेली जाळी वारा येतो म्हणून कापडाने बुजवू नये. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा भोंगा बसवावा. गॅसगळती ओळखणारा भोंगा वेगळा असतो. एकाचे काम दुसरा करत नाही. गॅसगळतीचा वास येतो, या वायूचा येत नाही. रात्रीसाठी जाड अंथरूण, लोकरीचे मोजे, टोपी आणि गरम पाण्याची पिशवी हीच सुरक्षित ऊब.

वाचकहो, पेनिस्कोला दूर असले तरी हा वायू आपल्या घरापासून दूर नाही. खिडकी नसलेल्या न्हाणीघरातील गॅस गिझर आणि थंडीत बाळंतिणीच्या बंद खोलीत ठेवलेली शेगडी हेच विष तयार करू शकतात. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्यावा. तोपर्यंत आधी बादली भरावी, गिझर बंद करावा, दार थोडा वेळ उघडे ठेवावे आणि मगच आंघोळीला जावे. शेक-शेगडी करायचीच असेल तर खिडकी उघडी असावी, आणि झोपण्यापूर्वी शेगडी अंगणात नेऊन ठेवावी.