हातात पळी धर

परवा ऑफिसात पोचल्यावर तुझा फोन, "आत्या, मी गॅस बंद केला होता का गं?" तू ठाण्यात, मी डोंबिवलीत, मला काय कपाळ कळणार! पण होतं काय ते ठाऊक आहे. तू विसरलेली नसतेस. गॅस बंद केलेला तुला चांगला आठवतो, फक्त तो आजचा की कालचा ते कळत नाही. पाचही दिवस तोच ओटा, तोच डबा, तीच लोकल. एकाच कागदावर पाचदा शिक्का मारला की तारीख वाचता येत नाही, तसं.

म्हणून बटण फिरवताना तोंडाने म्हण, "गॅस बंद, बुधवार." वार म्हणायचाच, खरं काम तोच करतो. लाजू नकोस. रेल्वेचे लोको पायलट आणि त्यांचे सहायक सिग्नल आला की हात करून त्याचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. त्यांना काय रंग दिसत नाहीत? दिसतात, पण रोजच दिसतात ना.

मी १९८१ साली फोर्टातल्या एका बँकेत लागले. तेव्हा सगळं हाताने, जाडजूड लेजरमध्ये. संध्याकाळी टॅली जमल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. एकदा ६३० रुपयांचा फरक. बाकीच्यांच्या गाड्या चुकत होत्या आणि मी वेड्यासारखी पहिल्या पानापासून बेरजा करत बसले होते. आमचे हेडक्लार्क जवळ आले, म्हणाले, "नऊने भाग जातो का बघ." गेला, सत्तर. "मग आकडे उलटे पडलेत." आणि खरंच, ८१० च्या जागी मी १८० लिहिले होते. फरकाला नऊने भाग गेला तर अंकांची अदलाबदल आधी शोधायची. ते जमलं नाही तर फरकाचं अर्धं करायचं आणि तेवढीच रक्कम जमेची नावे पडली आहे का ते बघायचं. 'मी अशी कशी चुकले' म्हणून रडत बसण्यापेक्षा चूक कुठे पडते ते माहीत असलेलं बरं. माझी दुपारी चारनंतर पडायची. मग चारनंतर लेजरला हात लावायचा नाही, व्हाउचरं लावत बसायचं, असं मी ठरवून टाकलं. तुझी कधी पडते ते महिनाभर बघ.

चूक पडायची दुसरी जागा म्हणजे मध्येच कुणी हाक मारतं ती. नोटा मोजताना कुणी बोललं तर कॅशियर अंदाजाने पुढे जात नाही, बंडल पहिल्यापासून मोजतो. घरी एवढं नको. गॅसवर दूध ठेवून बाहेरच्या खोलीत जायचं असेल तर हातात पळी घेऊन जा. फोन येवो, दारावर कुणी येवो, हातात पळी कशाला हे आठवल्याशिवाय राहत नाही. चाळीस वर्षांत माझं दूध उतू गेलं ते पळी ओट्यावर ठेवली त्या दिवशीच.

माझी आजी पदराला गाठ मारायची आणि मग दिवसभर, ही गाठ कशाची म्हणून घरभर विचारत फिरायची. खुणेने काम सांगितलं पाहिजे. शिंप्याकडे द्यायचा ब्लाउज दाराच्या कडीला, सकाळची गोळी चहाच्या डब्यावर. मोबाइलमध्ये आठवण लावतेस ते ठीक, पण ती वाजते तेव्हा तू लोकलमध्ये दोघींच्या मध्ये चेपलेली असतेस.

सोमवार जड जातो म्हणतेस, त्याला शुक्रवारीच उपाय कर. निघताना एका चिठ्ठीवर सोमवारी हातात पहिलं काय घ्यायचं ते लिही. काय झालं ते लिहू नकोस, तो नुसता हिशेब होतो. 'अमुक फाइल, चौथं पान' एवढंच. सोमवारी डोकं येतं अकराला, हात साडेनऊला कामाला लागलेले असतात.

आणि बुधवार जरा वेगळा काढ. मी बुधवारी स्टेशनवरून रिक्षा करायचे नाही, फडके रोडने चालत यायचे आणि येताना गजरा घ्यायचे. फार काही नाही, पण मग 'परवा' म्हटलं की कुठला परवा ते कळायचं. तुझे काका त्यावरून चिडवायचे, ते सोड.

तुझा स्टीलचा डबा तीन आठवडे आमच्याकडेच आहे. मागच्या खेपेला मी द्यायची विसरले. आता दाराच्या कडीला पिशवीत अडकवलाय, येता-जाता माझ्याच डोक्याला लागतो. रविवारी ये आणि घेऊन जा बाई.