बनावट जगातली खरी माणसं

आपण जगतोय ते जग कुणीतरी यंत्रात चालवलेलं आहे, असं एखाद्याला कळतं आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकते. एवढ्याच कल्पनेवर उभ्या असलेल्या थरारकथा मी तरुणपणापासून वाचत आणि पाहत आलो. विज्ञानकथा लिहू पाहणारी मुलं-मुली आपली हस्तलिखितंही माझ्याकडे पाठवतात. या सगळ्यातून जे हाती लागलं ते सांगतो. काही कथांचे शेवट उघड होतील, त्याला इलाज नाही.

१. यंत्र कोणाच्या पैशावर चालतं, ते आधी बघावं.

फ्रेडरिक पोलची ‘द टनेल अंडर द वर्ल्ड’ ही कथा १९५५ सालची. गाय बर्कहार्ट रोज सकाळी किंचाळत जागा होतो आणि रोज तारीख १५ जूनच असते. रस्त्यावरून कर्णे लावलेली गाडी कुठल्याशा फ्रीजची जाहिरात ओरडत जाते. शेवटी कळतं की गाव एका स्फोटात केव्हाच संपलं. मेलेल्यांची मनं चिमुकल्या यंत्रमानवांत भरून ते गाव एका टेबलावर मांडलंय आणि जाहिरातवाले त्यांच्यावर रोज नवी जाहिरात तपासून पाहताहेत. रात्री स्मृती पुसायची, सकाळी पुन्हा सुरुवात.

डॅनियल गॅलोयच्या ‘सिम्युलॅक्रॉन-३’ (१९६४) या कादंबरीत संगणकात अख्खं शहर उभारलं जातं ते लोकांचा कल अजमावण्यासाठी. दारोदार फिरून मतं गोळा करणारे सर्वेक्षक आपला रोजगार जाणार म्हणून या यंत्राविरुद्ध रस्त्यावर येतात. फिलिप के. डिकच्या ‘टाइम आउट ऑफ जॉइंट’मधलं (१९५९) शांत अमेरिकन गाव तर एका माणसासाठी रचलेलं आहे. आपण वर्तमानपत्रातलं कोडं सोडवतोय असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात शत्रूचा पुढचा मारा कुठे होणार याचं तो भाकीत करत असतो.

फ्रीज विकणं, बाजाराचा अंदाज, युद्ध. हेतू असा रोखठोक असला की भीतीही खरी वाटते. माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत यंत्र बहुधा कुणा ‘अज्ञात शक्ती’च्या ताब्यात असतं आणि तिथेच कथेचा जीव जातो. जिला काही विकायचं नाही, कुणावर सत्ता गाजवायची नाही, ती शक्ती एवढं मोठं शहर सांभाळत कशाला बसेल?

२. संशयाची पहिली खूण लहानच असावी.

डिकच्या त्याच कादंबरीत नायकाच्या डोळ्यांदेखत थंड पेयाचा ठेला विरून जातो. जागेवर उरतो कागदाचा एक कपटा आणि त्यावर छापलेलं त्या ठेल्याचं नाव. आकाश फाटत नाही, इमारती कोसळत नाहीत, तरी पाठीच्या कण्यातून शिरशिरी जाते.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये हेच साधलं. ती कथा यंत्रातल्या जगाची नाही, वेगळं वळण घेतलेल्या इतिहासाची आहे. पण मराठे पानिपत जिंकले त्या जगात गंगाधरपंत जाऊन आले याचा पुरावा म्हणजे खिशात राहिलेलं बखरीचं एक फाटकं पान. विश्वासरावांना गोळी लागली की चाटून गेली, एवढाच दोन पाठांमधला फरक. दुसऱ्या जगाची खात्री पटवायला मला याहून चांगली वस्तू कुठल्याच पुस्तकात भेटलेली नाही.

३. खालच्या जगातल्या माणसावरची नजर हलू देऊ नये.

हे मला राइनर वेर्नर फासबिंडरच्या ‘वेल्ट आम ड्राट’ने शिकवलं. गॅलोयच्या कादंबरीवरून त्याने १९७३ साली पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीसाठी हा दोन भागांचा चित्रपट केला, तोही १६ मिमीवर. भविष्यकाळ दाखवायला त्याने पॅरिसमधल्या नव्याकोऱ्या इमारती वापरल्या. मिशाएल बालहाउसचा कॅमेरा काचा आणि आरशांमधून अशा रीतीने फिरतो की समोर माणूस आहे की त्याचं प्रतिबिंब, हे क्षणभर कळत नाही. एका मेजवानीत स्टिलर या शास्त्रज्ञाशी बोलता बोलता लाउझे नावाचा सहकारी नाहीसा होतो आणि पुढे स्टिलरखेरीज कुणालाही तो आठवत नाही. संस्थेचा प्रमुख मात्र सरकारी पैशावर उभं राहिलेलं यंत्र एका पोलाद कंपनीच्या अंदाजांसाठी वापरायच्या खटपटीत असतो.

पण या साऱ्यांहून मनात घर केलं ते आइन्स्टाइन नावाच्या पात्राने. तो संगणकातला माणूस. वरच्या शास्त्रज्ञांना आतल्या बातम्या मिळाव्यात म्हणून आपलं जग बनावट आहे, हे फक्त त्यालाच सांगून ठेवलंय. हे ज्ञान घेऊन त्याने रोज जगायचं आणि शेजाऱ्यांशी हसून बोलायचं. तो वर येण्यासाठी धडपडतो, दुसऱ्याच्या शरीरात शिरतो. त्याला खलनायक म्हणणं मला कधीच जमलं नाही.

याच कादंबरीवरचा ‘द थर्टीन्थ फ्लोअर’ १९९९ साली आला. ‘मॅट्रिक्स’ त्याच्या दोनच महिने आधी लागला होता आणि त्या गदारोळात हा चित्रपट झाकोळला. त्यातला १९३७ च्या लॉस एंजेलिसमधला बारवाला हाती आलेलं पत्र वाचतो, त्यात लिहिल्याप्रमाणे मोटार हाकत शहराबाहेर जातो आणि जग जिथे संपतं ते ठिकाण बघून येतो. त्याचा संताप मला नायकाच्या प्रेमकथेपेक्षा कितीतरी जास्त पटतो.

४. ‘मॅट्रिक्स’ शेवटी पाहावा.

चित्रपट उत्तम आहे. पण आधी तो पाहिला की प्रत्येक कथेत बंदुका आणि तारणहार शोधायची सवय लागते.

५. ‘ही तर आपली माया’ म्हणून विषय संपवू नये.

आपल्याकडच्या चर्चेत हे वाक्य हमखास येतं. म्हणणाऱ्यांनी योगवासिष्ठातली लवण राजाची कथा नीट वाचावी. दरबारात जादूगार मोरपिसांचा कुंचा फिरवतो आणि राजा थोडा वेळ निश्चल होतो. तेवढ्यात तो एक अख्खं आयुष्य जगतो: रानात भुकेने व्याकूळ होणं, चांडाळाच्या मुलीशी लग्न, मुलंबाळं, दुष्काळ आणि शेवटी आगीत उडी. शुद्धीवर आल्यावर ‘भास होता’ म्हणून तो सोडून देत नाही. दुसऱ्या दिवशी विंध्याकडे निघतो आणि ते गाव त्याला सापडतं. गेलेल्यांसाठी आक्रोश करणारी म्हातारी, त्याची सासू, तिथे भेटते. ग्रंथाचा सिद्धान्त काहीही असो, राजा तिची विचारपूस करायला गेला, हे मला मोलाचं वाटतं. आधुनिक यंत्रांचे किती मालक आतल्या माणसांची अशी चौकशी करतात?

६. तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांचा आधार जपून घ्यावा.

२००३ सालच्या त्यांच्या निबंधाने ‘आपण संगणकात राहतो हे सिद्ध झालं’ असं अनेकजण सांगतात. त्यांनी तीन शक्यता मांडल्या होत्या: तेवढी प्रगती होण्याआधीच मानवजात संपते, प्रगत समाज अशी जगं चालवत नाहीत, किंवा आपण जवळजवळ नक्कीच अशा जगात आहोत. यातली एक तरी खरी असली पाहिजे, एवढंच त्यांचं प्रतिपादन.

मराठीत अशी कथा लिहायला घेणाऱ्यांना एक विनंती. यंत्राची कळ बंद झाली की बहुतेक हस्तलिखितं संपतात. तिथे थांबू नका. कळ बंद करणाऱ्याला आधी त्या शहरात एक दिवस राहायला लावा, तिथल्या लोकांशी बोलायला लावा, आणि मग त्याच्या हातून काय होतं ते लिहा.