हृदयाची निगा, स्मृतीचे रक्षण

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे हे सह्याद्रीच्या कुशीतील दोन डोंगरी तालुके. वेल्हे तालुका आता राजगड या नावाने ओळखला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार भोरची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्ह्याची सुमारे ५४ हजार होती. नीरा, वेळवंडी, गुंजवणी यांच्या खोऱ्यांत विखुरलेल्या वाड्यावस्त्यांतून तरुण मंडळी रोजगारासाठी पुण्या-मुंबईकडे जातात. घर, गुरे आणि भातखाचरे सांभाळतात ती वडीलधारी माणसे. त्यांची स्मृती शाबूत राहणे हा म्हणूनच केवळ कौटुंबिक प्रश्न नसून साऱ्या गावाचा प्रश्न ठरतो.

वार्धक्य आणि विस्मृती

एखादे नाव चटकन न आठवणे हे वयोमानाने घडते. परंतु नेहमीची वाट चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे ही स्मृतिभ्रंशाची लक्षणे असू शकतात. ‘म्हातारपण म्हटले की असे व्हायचेच’ असे म्हणून ती सोडून दिली जातात. भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशग्रस्त असावेत, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीवरून करण्यात आला आहे.

हृदय आणि मेंदू यांचे नाते

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्केच असते. मात्र शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के प्राणवायू तो एकटा वापरतो. हा पुरवठा रक्तावाटे होतो. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला की मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या जाड व अरुंद होतात आणि मेंदूच्या भागांना पुरेसे रक्त मिळत नाही. पक्षाघाताचा मोठा झटका न येताही लहानलहान इजा साठत जातात आणि विचारशक्ती मंदावते. मधुमेह, तंबाखू आणि रक्तातील घातक चरबी यांमुळे ही हानी वाढते. दुर्दैव असे की, वाढलेला रक्तदाब बहुधा कोणताही त्रास देत नाही. तो मोजल्याशिवाय कळत नाही.

ग्रामीण भागातील एक प्रयोग

हे नुकसान टाळता येते काय? चीनमधील ३२६ खेड्यांत चाळीस वर्षांवरील सुमारे ३४ हजार रक्तदाबग्रस्तांवर चार वर्षे झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या खेड्यांत गावपातळीवरील आरोग्यसेवकांनीच, वरिष्ठ डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक पद्धतीने औषधे दिली व पाठपुरावा केला. त्या खेड्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत १५ टक्क्यांनी कमी आढळले. मोठे इस्पितळ दूर असले तरी नियमित मोजणी आणि नियमित औषध यांनी स्मृतीचे रक्षण होऊ शकते, हा यातील बोध भोर-वेल्ह्यासारख्या भागास विशेष मोलाचा आहे.

गावाने काय करावे?

आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे आणि आशा कार्यकर्त्या ही यंत्रणा आहे. गरज आहे ती तिला गावाची साथ मिळण्याची. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजला जावा. पाच मिनिटे शांत बसल्यानंतर, वेगवेगळ्या दिवशी घेतलेली मोजणी १४०/९० किंवा त्याहून अधिक आल्यास उपचार सुरू करण्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी बंद करणे ही सर्वांत मोठी चूक होय. गोळ्यांनी उभे राहताना चक्कर येत असल्यास त्या परस्पर न सोडता डॉक्टरांना सांगावे.

या परिसरात पाऊस प्रचंड पडतो आणि दूरच्या वाड्यांचे दळणवळण अडते. यास्तव मे महिन्यातच रुग्णांची यादी तयार करून पावसाळ्यात पुरेल इतका औषधसाठा उपकेंद्रात ठेवण्याचा आग्रह ग्रामपंचायतीने धरावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घरातील आजी-आजोबांच्या गोळ्यांची वेळ पाहण्यास व कार्डावर खूण करण्यास शिकवावे. रोजचे मीठ एका लहान चमच्याहून, म्हणजे पाच ग्रॅमहून, कमी असावे. लोणचे, पापड आणि खारवलेली सुकी मासळी यांतील मीठही त्यात मोजावे. मिश्री ही तंबाखूच आहे, हे महिला मंडळांतून पटवून द्यावे.

ऐकू व दिसू न येण्याने माणूस एकाकी पडतो आणि बुद्धीस चालना मिळत नाही. कान-डोळ्यांची तपासणी, रोजचे चालणे, भजन, वाचन आणि पारावरच्या गप्पा यांना म्हणून औषधाइतकेच महत्त्व द्यावयास हवे.

गावाचा इतिहास, शेताच्या बांधाची खूण आणि बी-बियाण्याची पारख ज्येष्ठांच्या स्मरणात साठविलेली असते. ती जपण्याचा आरंभ दंडावर बांधल्या जाणाऱ्या रक्तदाबाच्या पट्ट्यापासून होतो. तो पट्टा प्रत्येक वाडीपर्यंत पोहोचविणे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या हाती आहे.